यकृताचा तुकडा सगळाच फॉर्मालिनमध्ये नको

संपादक महोदय,

यकृताच्या कर्करोगात रुग्णाच्याच पेशींवर औषध तपासून उपचार ठरवण्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. पण शस्त्रक्रियेत काढलेली गाठ रिवाजाप्रमाणे सगळीच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात गेली, तर पेशी तिथेच मरतात. निदान होतं, पण प्रयोगशाळेत काही वाढत नाही.

निदानाला लागणारा भाग फॉर्मालिनमध्येच जावा. उरल्यातला वाटाण्याएवढा तुकडा थंड पोषकद्रवात घालून बर्फावर ठेवावा, गोठवू मात्र नये. गोठल्यावर पेशी फुटतात. प्रयोगशाळेत तो बारीक चिरून कोलॅजिनेज या विकराने पेशी सुट्या करतात आणि मॅट्रिजेल या पेशींना आधार देणाऱ्या जेलच्या थेंबांत रुजवतात. हे जेल 4 अंशांवर पातळ असतं, 37 अंशांवर घट्ट होतं. म्हणून पिपेटची टोकंही आधी थंड करून घेतात, नाहीतर जेल टोकातच बसतं. पेशींचे वाढलेले गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांवर तपासतात.

मोठा धोका निरोगी पित्तनलिकेच्या पेशींचा. त्या कर्कपेशींपेक्षा जोमाने वाढून थेंब व्यापतात, आणि औषध चुकीच्या पेशींवर तपासलं जातं. तेव्हा अहवाल हाती आला की नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारावा: या पेशींची जनुकं मूळ गाठीशी जुळवून पाहिली का?

मर्यादाही सांगायलाच हव्यात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 2018 मध्ये सुईने काढलेल्या नमुन्यांतून ऑर्गनॉइड वाढवले, तेव्हा यश साधारण चारात एकालाच आलं. साध्या ऑर्गनॉइडमध्ये रोगप्रतिकारक पेशी नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. त्यामुळे आज पहिल्या पसंतीच्या अ‍ॅटेझोलिझुमॅब (रोगप्रतिकारक पेशींमार्फत काम करणारं) आणि बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं) या औषधांच्या जोडीबद्दल ते काही सांगू शकत नाहीत. शिवाय वाढीला काही आठवडे जातात; तोवर उपचार थांबवणं घातक ठरेल.

सिरोसिसच्या (यकृतात व्रण साचून ते कठीण होण्याच्या आजाराच्या) रुग्णात पुष्कळदा सीटी किंवा एमआरआयवरच निदान होतं. तिथे निव्वळ ऑर्गनॉइडसाठी सुई टोचू नये; रक्तस्राव होऊ शकतो, सुईच्या वाटेने गाठ पसरूही शकते.

म्हणून गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला विनंती, की सुरुवात शस्त्रक्रियेच्या रुग्णांपासून करावी. रुग्णाची लेखी संमती, ऑपरेशन थिएटरच्या फ्रीजमध्ये पोषकद्रवाच्या निर्जंतुक बाटल्या आणि बाहेरच्या एखाद्या संशोधन प्रयोगशाळेशी करार, एवढ्यावर काम सुरू होईल. मोपा विमानतळाहून मुंबईला किंवा बेंगळुरूला नमुना त्याच दिवशी पोचवता येतो.

— पेशीसंवर्धन क्षेत्रातील काही वाचक, फोंडा