बाही रिकामी असलेला अध्यक्ष

महोदय,

अमेरिकी राजकारणातल्या माजी सैनिकांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. जॉन मॅकेन आणि बॉब डोल यांच्यावर भरभरून लिहिले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांची बोळवण 'युद्धात उजवा हात गमावलेले' एवढ्यावर झाली, हे खटकले. 1963 पासून 2012 मध्ये निधन होईपर्यंत हा माणूस सिनेटमध्ये होता. त्यांचे खरे कर्तृत्व हात गेल्यानंतरचे आहे.

युद्धातली हकिकत मात्र सांगायलाच हवी. 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा होनोलुलूचा हा मुलगा 17 वर्षांचा होता आणि त्या दिवशी जखमींवर प्रथमोपचार करत होता. तरीही जपानी वंशाचा म्हणून सरकारदरबारी तो 'शत्रूपक्षीय परका' ठरला. 1943 मध्ये अशा तरुणांना सैन्याची दारे उघडली आणि तो जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांच्या 442 व्या रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्याच सुमारास मुख्य भूमीवर जपानी वंशाचे सव्वा लाखाच्या घरात लोक काटेरी कुंपणाआड डांबलेले होते. 21 एप्रिल 1945 रोजी इटलीत सान तेरेन्झोजवळच्या चढावर, पोटात गोळी लागलेली असताना इनोये पुढे सरकत होते. पिन काढलेला हातगोळा फेकायला उजवा हात मागे नेला आणि जर्मन गोळ्याने कोपरच उडवले. हात लोंबत होता, मूठ मात्र हातगोळ्यावर आवळलेली. मदतीला धावलेल्या जवानांना त्यांनी ओरडून मागे ठेवले, डाव्या हाताने तो हातगोळा मुठीतून सोडवला आणि शत्रूच्या मोर्च्यात भिरकावला. (त्याच महिन्यात, 9 एप्रिलला, इटलीतच सेनिओ नदीच्या बांधावर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीतल्या लढाईवर लिहिताना मराठी वर्तमानपत्राला त्यांचीही आठवण व्हावी.)

घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोच्या एका न्हाव्याने, अंगावर लष्करी गणवेश आणि हाताच्या जागी आकडा दिसत असताना, जपानी वंशाचे म्हणून त्यांचे केस कापायला नकार दिला. शल्यविशारद व्हायचे स्वप्न हातासोबतच गेले होते. मग ते कायदा शिकले. 1959 मध्ये हवाई राज्य झाले आणि इनोये प्रतिनिधिगृहात पोचले. शपथविधीच्या वेळी सभापती सॅम रेबर्न यांनी रिवाजाप्रमाणे 'उजवा हात वर करा' म्हटले. वर झाला तो डावा.

लेखात यायला हवे होते ते 1987 साल. रेगन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रे विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला. या प्रकरणाच्या चौकशीत सिनेटच्या समितीचे अध्यक्ष इनोये होते. या व्यवहारात प्रमुख भूमिका असलेले लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ साक्षीला आले ते मरीन कोअरच्या गणवेशात, छातीवर पदकांच्या रांगा लावून. संसदेला अंधारात ठेवल्याचे त्यांनी कबूल केले, तरी दूरदर्शनसमोर बसलेला देश त्यांच्यावर फिदा झाला. इनोयेंच्या वाट्याला मात्र त्यांच्या वंशावरून शिव्या आल्या. त्यांचे सहकारी सिनेटर वॉरेन रुडमन यांना त्याचा जाहीर निषेध करावा लागला.

समारोपात इनोये काय बोलले? सैनिकाने वरिष्ठांचे कायदेशीर आदेशच पाळायचे असतात, बेकायदा आदेश न पाळणे हेही त्याचे कर्तव्यच. हे तत्त्व अमेरिकेनेच नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यांत पुढे केले होते, याची त्यांनी आठवण दिली. न्यूरेंबर्गचे नाव निघताच नॉर्थ यांचे वकील मध्येच उसळले. माझ्या मते माजी सैनिक कायदेमंडळात असण्याचा उपयोग इथे दिसतो. पदकांनी भरलेल्या छातीसमोर बिनलष्करी सदस्य बिचकतात, देशद्रोही ठरू या भीतीने प्रश्न गिळतात. इनोयेंना ती भीती दाखवणार कोण? अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशी समितीत त्यांनी काम केले, 1976 मध्ये सिनेटच्या गुप्तचर समितीचे पहिले अध्यक्षही तेच झाले. 2002 मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या 23 सिनेटरांत ते होते.

त्यांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. सरकारी पैशाचे वाटप ठरवणाऱ्या विनियोग समितीतल्या वजनावर त्यांनी हवाईकडे पैसा असा ओढला की 'करदात्यांच्या जिवावर मतदारसंघ पोसणारे' ही टीका कायम झाली, आणि ते ती मिरवतही. 1992 च्या निवडणुकीत एका महिलेच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपाने खळबळ उडाली. त्यांनी तो नाकारला, पण प्रकरणाची पुरती चौकशी कधीच झाली नाही. लेखकाने हेही लिहायला हवे होते.

आणि पदकाचे काय? इटलीतल्या त्या पराक्रमासाठी दुसऱ्या क्रमांकाचे पदक मिळाले होते. आशियाई वंशाच्या सैनिकांना डावलले गेले का, याची फेरतपासणी झाल्यावर जून 2000 मध्ये, 55 वर्षांनी, अध्यक्ष क्लिंटन यांनी 22 जणांना मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च पदक दिले. इनोये त्यांत होते. बहुतेकांची पदके घ्यायला मात्र घरचे लोक आले होते.

निधनापूर्वी त्यांनी हवाईच्या राज्यपालांना पत्र पाठवून आपल्या जागी प्रतिनिधिगृहाच्या सदस्य कोलीन हनाबुसा यांना नेमावे अशी इच्छा कळवली होती. राज्यपालांनी ती मानली नाही आणि उपराज्यपाल ब्रायन शॅट्झ यांना नेमले. ते मला योग्यच वाटते. सिनेटची जागा वारसाहक्काने द्यायची नसते, मग मागणारा इनोये का असेना.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा