पेज उतू गेली म्हणून वॉरंटी नाही?

तुमच्या कस्टमर केअरशी सहाव्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवलाय, म्हणून थेट मॅनेजमेंटला लिहितेय. उकळायचं विजेचं भांडं तुमचंच आहे, १० लिटरचं, २००० वॅटचं, त्यामुळे त्याची ओळख करून देत बसत नाही.

वेंगुर्ल्यात आमचं छोटं होमस्टे आहे. मे महिन्यात चाकरमानी आणि पाहुणे धरून घरात चौदा माणसं होती, सकाळी सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज लागते, म्हणून हे भांडं घेतलं. आत तुम्हीच मॅक्सची रेघ मारलीय, काठाच्या जेमतेम दोन बोटं खाली. त्या रेघेपर्यंत भरलं. उकळी आली तसा फेस चढायला लागला, मी समोरच उभी होते, लगेच नॉब बंद केला, पण तुमच्या भांड्याचा तळ जाड, कॉइल बंद झाली तरी तो तापलेलाच राहतो, गॅस बंद केल्यावर आच जाते तशी जात नाही. पेज काठावरून सरळ नॉबमध्ये गेली, फटकन आवाज झाला आणि वीज तोडणारा एमसीबी पडला. माझी पुतणी वीतभर अंतरावर उभी होती.

पेज म्हणजे पाणी नव्हे. पाण्याचा बुडबुडा वर येऊन फुटतो, पेजेत तांदळाचा स्टार्च उतरलेला असतो त्यामुळे बुडबुडा चिवट होतो, फुटत नाही, एकावर एक चढत जातो. दूधही सायीखाली वाफ कोंडून तसंच वर येतं. म्हणून आमच्याकडे टोपाचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवतात, झाकण घट्ट लावत नाहीत, फेस चढला की गार पाण्याचा हबका मारतात, नाहीतर खोबरेलाचे दोन थेंब सोडतात. सासूबाई तर करवंटीचा डवला, म्हणजे पळी, टोपावर आडवा ठेवायच्या. तुमच्या पुस्तिकेत यातली एक ओळ नाही, आहे ती फक्त मॅक्सची रेघ.

आता आजचा फोन. तुमचा माणूस विचारतो, काय उकळत होता? म्हटलं पेज. पेज म्हणजे काय? तेही सांगितलं. मग अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणतो, "मॅडम, नॉबमध्ये लिक्विड गेलंय, लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही." अहो, उकळायचं भांडं आहे ते, त्यात लिक्विडच असणार! मी विचारलं, मग रेघ कशाला मारलीय? तर म्हणे ती फक्त पाण्यासाठी, "आणि मॅडम, तुम्ही रोज स्वयंपाक करता का?" बावीस वर्षं मी पंधरा-वीस माणसांचं रांधतेय. हा प्रश्न मला फार लागलाय. आणि रेघ फक्त पाण्यासाठी असेल तर खोक्यावर दुधाचा फोटो का छापलाय?

तुमचा मिक्सर आमच्याकडे नऊ वर्षं चालला, म्हणून डोळे झाकून तुमचंच घेतलं. खूप वाईट वाटलं.

मला पूर्ण पैसे परत हवेत, आणि दूध-पेजेसाठी ७ लिटरवर वेगळी रेघ मारा, तसं खोक्यावरही छापा, उद्या कुणाच्या लहान पोराच्या अंगावर जाईल. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, बिल जपून ठेवलंय. भांडं धुतलेलं नाही, नॉबमध्ये सुकलेली पेज तशीच आहे, माणूस पाठवा आणि बघून घ्या.