कॅम्परचं दार बदललं

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. “त्या खटाऱ्यावर अजून किती खर्च करणार, असं तुझी आई विचारतेय” असं तुम्ही लिहिलंत, पण सूर तुमचाच होता. म्हणून सविस्तर लिहितोय. आईलाही वाचून दाखवा.

आपल्या कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, सरकत्या दाराला ती उभी असताना एका ट्रकने मागे येता येता ठोकलं, एवढं फोनवर बोललोच होतो. नुसता पोचा असता तर पत्रा ठोकून घेतला असता. पण आतली चौकट वाकली होती, आणि खालची कड आधीच गंजाने पोखरलेली. पत्रा सरळ करता येतो, पण चौकटीला एकदा पीळ बसला की दार धड बसत नाही आणि पावसाचं पाणी आत येतंच. तेव्हा दारच बदलायचं ठरवलं.

आता नवं कोरं दार कुठलं मिळायला! फोक्सवॅगनचं हे टी-३ मॉडेल १९७९ साली आलं, युरोपात १९९२ पर्यंत निघालं आणि दक्षिण आफ्रिकेत २००२ पर्यंत. म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीचं दार शोधणं आलं. त्यात दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे बाजू. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीचं सरकतं दार सहसा उजवीकडे असतं आणि उजव्या स्टिअरिंगवाल्या गाडीचं डावीकडे, कारण माणसं फुटपाथच्या बाजूला उतरायला हवीत. दुसरी गोष्ट खिडकी. मालवाहू गाडीचं बिनखिडकीचं दार स्वस्तात मिळतं, पण मग पत्रा कापत बसा. मी थांबलो आणि खिडकीवालंच घेतलं.

काढणं तसं सोपं. हे दार तीन ठिकाणी पेललेलं असतं: एक रोलर वर छताच्या कडेला, एक खाली पायरीपाशी आणि तिसरा मागच्या टोकाला, बाहेरच्या रुळात धावणारा. रुळावरची पट्टी काढून दार पार मागे ढकललं की वरचा आणि खालचा रोलर आपापल्या खाचेतून सुटतात. त्याच क्षणी सगळं वजन धरणाऱ्याच्या हातांवर येतं, त्यामुळे हे एकट्याचं काम नाहीच. शेजारचा निवृत्त सुतार मदतीला आला. खाली जुनी ब्लँकेटं अंथरली आणि दार आडवं केलं.

नवं दार चढवण्याआधी रोलर नवे घातले. जुन्या दाराचं कुलूप काढून याला बसवलं, म्हणजे किल्ली तीच राहिली. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने गच्च बुजली होती. माझ्या मते ही दारं निम्मी त्यामुळेच सडतात. तारेने भोकं मोकळी केली आणि आतून गंजरोधक मेण फवारलं.

खरा वेळ गेला तो दार बसवण्यात. आधी मागची फट आणि उंची जुळवायची, मग पुढची, आणि कुलपाचा खटका सगळ्यात शेवटी. बरेच जण खटक्यापासून सुरू करतात आणि मग दार कायम आपटावं लागतं. खालचा रोलर जरा वर घेतला की वरची फट बदलते, ती सारखी केली की मागची कड बाहेर येते. सुताराचा जीव त्यात रमला, मला मात्र घाम फुटला. शेवटी कागदाच्या पट्टीने तपासलं. रबरावर पट्टी ठेवून दार लावायचं आणि ती ओढून बघायची. अलगद निसटली तर तिथे फट आहे. मागच्या खालच्या कोपऱ्यात निसटत होती, म्हणून तिथे पुन्हा बोल्ट सैल केले. मग नळीने पाणी मारलं. आत थेंब नाही.

रंग बाकी आहे. गाडी फिकट निळी, दार पांढरं. कंपनीच्या नंबराचा निळा आणला तरी बाकीची गाडी उन्हाने विटलेली, त्यामुळे ठिगळ दिसणारच. शेजारच्या पत्र्यावरही थोडा फवारा मारून तो मिसळावा लागेल, आणि त्याला कोरडी, उबदार हवा हवी. तोवर राहू दे असंच.

आणि बाबा, याल तेव्हा मागच्यासारखं दोन्ही हातांनी धाडकन ओढू नका. आता आईसुद्धा एका हाताने लावेल.

तुमचा,
मंदार