‘हॅम्लेट’विषयी मित्रास पत्र

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अनुवाद निम्म्यावर आला हे वाचून फार आनंद झाला. ‘हॅम्लेट’ या इंग्रजी शब्दापाशी अडलास आणि ‘लहान खेडं’ लिहून पुढे जाऊ का, असं विचारतोस. माझं ऐकशील तर तसं करू नकोस.

शेक्सपिअरच्या नाटकातला डेन्मार्कचा राजपुत्र आधी डोक्यातून काढ. त्याचा इथे काही संबंध नाही. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. लहानपण त्याच्या घडणीतच आहे, हे खरं. पण इंग्लंडात जुनी रूढी चर्चची: चर्च असेल ते व्हिलेज, नसेल ते हॅम्लेट. चर्च नाही म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं शेजारच्या गावी. लेक डिस्ट्रिक्टमध्ये रायडल आणि ग्रासमिअरच्या दरम्यानची पायवाट आजही ‘कॉफिन रूट’ म्हणून ओळखली जाते. वाटेत एक सपाट दगड आहे. खांदेकऱ्यांनी दम खायला शवपेटी त्यावर टेकवायची. आपलं माणूस पुरायलाही परगावी न्यायचं, हे ‘लहान खेडं’ या शब्दांत कुठे येतं?

पुढे पुढे तर आकाराशी असलेलं नातंही सुटलं. लंडनचा टॉवर हॅम्लेट्स घे. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या पहाऱ्याला माणसं पुरवणाऱ्या वस्त्यांवरून हे नाव पडलं. 1965 साली त्याचा बरो, म्हणजे लंडनचा एक प्रशासकीय विभाग झाला, आज तिथे तीन लाखांवर लोक राहतात आणि कॅनरी व्हार्फच्या कचेऱ्यांच्या गगनचुंबी इमारतीही त्यातच येतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हॅम्लेट ठरायला घरं किमान 5 लागतात. पण तिथलं शेरवूड पार्क 70 हजारांच्या पुढे गेलं तरी हॅम्लेटच, कारण त्याला स्वतःची नगरपालिका नाही, कारभार काउंटी, म्हणजे त्या भागाची स्थानिक संस्था बघते. कॅनडाच्याच उत्तरेकडच्या नुनावुट प्रदेशात नेमकं उलट: हॅम्लेटला स्वतःचा महापौर, स्वतःचं कौन्सिल. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात तर त्याची व्याख्याच नाही.

तेव्हा कथा इंग्लंडातली असेल तर बेलाशक ‘वस्ती’ लिही, फक्त चर्चचं गाव कोणतं ते पहिल्या उल्लेखातच येऊ दे. नुनावुटची असेल तर ‘हॅम्लेट’च ठेव; तिथे तो सरकारी दर्जा आहे. कथा कुठे घडते ते तू लिहिलंच नाहीस! उलट टपाली कळव आणि अडलेलं पान सोबत पाठव.

तुझा,
श्रीधर