हेल्मेटवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर मला धड बोलताच आलं नाही, गळा दाटून आला होता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या इथे क्लीव्हलंडला शेजारी जे आजोबा राहतात ना, त्यांचं तुम्ही नीट करून दिलेलं हे हेल्मेट, साठच्या दशकात शाळेच्या टीमकडून फुटबॉल खेळायचे तेव्हाचं (म्हणजे अमेरिकन फुटबॉल). आतल्या सुती पट्ट्या कुजलेल्या, फेसमास्कचे स्क्रू गंजलेले, गालाजवळचं लेदरचं पॅड वाळून पापडासारखं झालेलं. स्ट्रोकनंतर आजोबा फारसे बोलत नाहीत, म्हटलं नीट करून त्यांच्या हॉलमध्ये ठेवू.

आधी एका दुकानात दिलं. दहा वर्षांपेक्षा जुन्या हेल्मेटचं काम करत नाही म्हणाले, आता नियम मलाही माहितीये, 2011 पासून रिकंडिशनिंगवाल्यांनी (म्हणजे जुनी हेल्मेटं दुरुस्त करून परत खेळायला देणाऱ्यांनी) तसं ठरवलंय आणि खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यासाठी ते योग्यच आहे, पण हे कोणी घालणार नाहीये, फक्त शोकेसला ठेवायचंय असं मी कितीदा सांगितलं, तरी आधी ठेवून घेतलं, महिनोन्महिने पडू दिलं आणि परत दिलं तेव्हा एक पॅड गायब! वर "भंगार आहे, नवीन रेप्लिका घ्या". दुसऱ्या एकाने तर न बघताच सांगितलं की सगळं घासून नव्यासारखं चकाचक करून देतो.

आणि काका तुम्ही, आयुष्यभर गाड्यांच्या पेंटशॉपमध्ये काम केलेला माणूस, पॉलिश पेपर हातात घेण्याआधी मला फोन केलात. "डाव्या कानावर निळा ओरखडा आहे, समोरच्या टीमच्या हेल्मेटचा रंग लागलाय, तो ठेवायचा का काढायचा? आजोबांना विचारून सांग, मी थांबतो." बास, एवढंच. मी विचारलं तर आजोबांनी बोट बरोब्बर त्या ओरखड्यावर ठेवलं आणि मान हलवून नको, नको केलं. तुम्ही तेवढ्या जागेवर टेप लावून बाकीचं चमकवलंत. थिनरचा थेंब नाही, कारण त्याने जुनं प्लास्टिक तडकतं म्हणालात.

द्यायला स्वतः आलात, वर तासभर बसलात. 1953 ला ब्राउन्सच्या (म्हणजे आमच्या क्लीव्हलंडच्या फुटबॉल टीमच्या) ओटो ग्रॅहम या खेळाडूच्या तोंडाला कोपर लागलं, टाके पडले आणि तरी हेल्मेटला प्लास्टिकचा गार्ड लावून तो परत मैदानात उतरला, हे तुम्ही सांगत होतात आणि आजोबा मध्येच "ओटो, ओटो" म्हणाले. आजी स्वयंपाकघरातून धावत आल्या. कोणाच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारी माणसं किती कमी उरलीत हो, आणि दुसऱ्याच्या म्हाताऱ्यासाठी वेळ काढणारी तर त्याहून कमी.

पैसे तुम्ही फक्त सामानाचे घेतलेत, ते मला अजिबात पटलेलं नाही. दिवाळीला फराळाचा मोठा डबा घेऊन येणार आहे, काकूंना सांगून ठेवा.