फौजेच्या गाडीवाल्यांबद्दलही छापा

संपादक साहेब, नमस्कार.
माझे चुलते एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, पण आमच्या अंबाजोगाईकडं फौजी म्हणलं की लोकांना फक्त बंदूकवालाच आठवतो. मग वर लेहपर्यंत रेशन, डिझेल कोण पोचवतं? दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर 1939 मध्ये, याच खात्याच्या खेचरांच्या कंपन्या मुंबईहून बोटीनं फ्रान्सला गेल्या, तिथल्या कडाक्याच्या थंडीत इंग्रज फौजेचा माल वाहिला, अन् 1940 ला जर्मन फौज चालून आल्यावर डंकर्क या फ्रान्सच्या बंदरातून जवान निघाले पण खेचरं तिथंच सोडावी लागली, हे वाचून लई वाईट वाटलं. एक कंपनी तर जर्मनांच्या कैदेत गेली. 8 डिसेंबरला कोअरचा वर्धापनदिन असतो, तेव्हा मराठवाड्यातल्या रिटायर ड्रायव्हर लोकांना भेटून एक पान छापा, आमचे चुलते आता ऐंशीच्या पुढं आहेत.

एक वाचक, अंबाजोगाई