आधी गळती, मग मजबुतीकरण

संपादक महाशय,

गळती काढायला प्लंबर आणि भूकंपाच्या दृष्टीने घर मजबूत करायला, म्हणजे रेट्रोफिटिंगला, अभियंता, अशी दोन माणसे वेगवेगळ्या वेळी बोलावली जातात. एकाने काय केले याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. काम मात्र दोघेही त्याच भिंतीत, त्याच बीमवर करतात.

पाइपसाठी भिंतीत खोदलेला चर घ्या. भार पेलणाऱ्या भिंतीत उभा चर जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवा एक षष्ठांशापेक्षा खोल नसावा, हा रूढ नियम आहे. म्हणजे 230 मिलिमीटरच्या भिंतीत आडव्या चराला जेमतेम 38 मिलिमीटर मिळतात. अर्ध्या विटेच्या भारवाही भिंतीत तर चर नकोच. प्रत्यक्षात वळसा नको म्हणून बेसिनपासून गीझरपर्यंतची आडवी लाइन सर्रास निम्म्या भिंतीत घुसवतात. जमीन हलते तेव्हा भिंत आतबाहेर वाकते आणि तडा नेमका त्या चरातून जातो. बीममध्ये कोअर कटिंग करून भोक पाडणे याहून वाईट. बीमच्या टोकाला, कॉलमला लागून, तर ड्रिल लावूच देऊ नये. भूकंपाचा सर्वात मोठा ताण तिथे येतो, म्हणूनच सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा तिथे जवळजवळ बांधलेल्या असतात. त्यातली एक कापली गेली तरी वरून प्लास्टर झाले की कोणाला काही दिसत नाही.

गळती राहू दिली तर नुकसान उलट दिशेने होते: पाणी काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचते आणि ती गंजते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळच्या 2 ते 6 पट होते, त्या दाबाने सळईवरचे काँक्रीट सुटते. अशा ओल्या कॉलमला वरून नवे जॅकेट, म्हणजे सळया आणि काँक्रीटचा नवा थर, चढवले तरी आतला गंज चालूच राहतो. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: गळती थांबवा, काँक्रीट सुकू द्या, तपासण्या करा, मग मजबुतीकरण.

आल्याआल्या फरशी फोडायला निघालेला प्लंबर परत पाठवावा. आधी सगळे नळ बंद करून लाइनला टेस्टिंग पंप आणि दाब मोजणारा गेज लावायचा. काटा खाली आला तर दोष पाण्याच्या लाइनमध्ये आहे. काटा जागच्या जागी आणि भिंत तरीही ओली, तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग तपासायचे. त्यासाठी रंगीत पाणी ओतून खाली ते कुठे उमटते हे पाहिले की बहुतेक वेळा पुरते. नवी लाइन टाकल्यावर चर बुजवण्यापूर्वी आतली हवा काढून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन दोन तास ठेवावा. प्लास्टिक पाइपची चाचणी हवेच्या दाबाने कधीच करू नये. पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. सीपीव्हीसीला (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपला) यूपीव्हीसीचे (थंड पाण्याच्या पाइपचे) चिकटवायचे सोल्युशन चालत नाही, हेही ज्याला सांगावे लागते त्याच्या हाती भिंत देण्यात अर्थ नाही.

अभियंता निवडताना एकच गोष्ट कसोशीने पाहावी: त्याची फी ठेकेदाराकडून येत नाही ना. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर अहवाल देणारा नको. तो हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि कार्बोनेशन झालेल्या, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने क्षारता गेलेल्या, जुन्या काँक्रीटवर आकडा फसवा, जास्त येतो. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फथॅलिन हे क्षारता दाखवणारे रसायन फवारले की खरे कळते: गुलाबी झाले तर काँक्रीट अजून सळईला जपते आहे, रंग आला नाही तर ते संरक्षण गेले. इमारतीच्या ताकदीचे मजबुतीकरणाच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही हिशेब लेखी मागावेत. एकाच मजल्याचे कॉलम जाड केले तर कमजोर जागा वरच्या मजल्यावर सरकते. स्लॅबपाशी थांबलेले जॅकेट वरचा भार नीट खाली नेत नाही. नव्या सळया जुन्या काँक्रीटमध्ये रसायनाने बसवतात तेव्हा भोकातली धूळ हवेने आणि ब्रशने पुन्हा पुन्हा काढावी लागते. हे काम कंटाळवाणे, म्हणून हमखास टाळले जाते, आणि मग सळईची पकड बरीच कमी राहते. काही सळयांची ओढचाचणी करारातच घालावी.

काही कामे दोघांनी मिळूनच करायची असतात. गच्चीवरची 1000 लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन एक टन होते. ती नुसती विटांवर ठेवलेली असेल तर बाकी मजबुतीकरणावर खर्च कशाला? उभ्या गीझरला वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात एकेक पट्टा हवा, शिवाय पाणी व गॅसची जोडणी लवचीक हवी. भिंतीतून जाणाऱ्या पाइपभोवती 25 मिलिमीटर मोकळी जागा ठेवून ती मऊ भरावाने बंद करावी, सिमेंटने नव्हे. 1906 च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळत राहिले, कारण गॅसचे नळ फुटले होते आणि विझवायला लागणाऱ्या पाण्याचेही.

म्हणून काम सुरू होण्याआधी प्लंबरने आपल्या सगळ्या लाइन अभियंत्याच्याच नकाशावर आखाव्यात आणि दोघांनी त्याखाली सही करावी. प्रत्येक चराचा, खोली दिसेल अशी मोजण्याची टेप लावून काढलेला फोटो हाती आल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नये आणि त्या टप्प्याचे पैसेही देऊ नयेत.

– एक स्थापत्य अभियंता